रंगमंचासाठी लाकडी तलवार: वखारीतल्या फळीपासून शेवटच्या पॉलिशपेपरपर्यंत

नाटकात तलवार लागली की हौशी मंडळी दोनपैकी एक वाट धरतात. ड्रेपरीवाल्याकडून पत्र्याची भाड्याने आणायची, नाहीतर प्लायवूड कापून त्यावर चंदेरी कागद चिकटवायचा. पत्र्याची तलवार एकमेकींवर आपटली की रिकाम्या डब्यासारखी वाजते. प्लायची तर नाशिकच्या कालिदास कलामंदिराच्या शेवटच्या रांगेतूनही सपाट पट्टी असल्याचे कळते. हाताने घडवलेली लाकडी तलवार दोन्हींपेक्षा बरी दिसते, हातात बरी बसते आणि तीन-चार सुट्ट्यांच्या दिवसांत निवांत होते.

ती का बरी दिसते? रंगामुळे नाही. पात्याच्या मधोमध टोकापर्यंत धावणारी कण्याची रेघ तिला तलवार बनवते. दिव्याचा उजेड त्या रेघेच्या एका बाजूला पडतो, दुसरी बाजू सावलीत राहते आणि लांबून धातूचा भास होतो. म्हणून खाली जे सांगतो आहे त्यातले निम्मे काम ही रेघ आखायचे आणि उरलेले निम्मे ती शेवटपर्यंत पुसू न द्यायचे आहे. बहुतेक लाकडी तलवारी बिघडतात त्या पॉलिशपेपरने. घाई झाली की माणूस रंधा लवकर खाली ठेवतो, राहिलेला आकार कागदाने काढू बघतो, आणि पात्याची लाटण्याच्या जातीतली काहीतरी वस्तू होऊन बसते.

लाकूड

वखारीत जाऊन ‘तलवारीसाठी लाकूड द्या’ म्हणू नका, हसतील आणि दारामागचा तुकडा देतील. सागवान मागा, आणि फळ्या स्वतः उलटसुलट करून निवडा. सागवान रंध्याखाली छान चालते, उन्हापावसात फारसे वाकत नाही आणि वजनाच्या मानाने चिवट असते. शिवण हलकी, कापायला मऊ, लहान मुलांच्या तलवारीला उत्तम. बाभूळ चिवट खरी, पण जड आणि हाताने घडवायला दमवणारी. पांगारा खेळण्यांना ठीक. तलवारीवर तलवार आपटायची असेल तर तो नको. एमडीएफचे नावच काढू नका, पातळ पाते पहिल्या वाराला मोडते. प्लायच्या कडा सुटतात, तिला कणा काढायला गेलात की वेगवेगळ्या थरांचे पट्टे दिसतात.

नाशिककरांना एक सोय आहे. पंचवटीत आणि जुन्या नाशकात पडणाऱ्या वाड्यांचे सागवान विकायला येते: चौकटी, वासे, जुन्या दारांच्या फळ्या. हे लाकूड वर्षानुवर्षे सुकलेले असते, नवीन फळीसारखे नंतर पिळत नाही. मात्र घेण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवा. आत मोडलेला एखादा खिळा राहिला असेल तर रंध्याच्या पात्याला कायमची खाच पडते. वाळवीची भोके आणि भुसाही बघा.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निघणाऱ्या पॅकिंगच्या पाइनच्या पट्ट्या स्वस्त मिळतात आणि सरावासाठी चांगल्या. परदेशातून आलेल्या पॅलेटवर (माल रचायच्या लाकडी चौकटीवर) शिक्का असतो. त्यावर ‘एचटी’ अशी अक्षरे असतील तर लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेले आहे, ते वापरा. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी. ते घरात घासत बसू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचे. फळीच्या अरुंद कडेकडे बघा आणि लाकडाच्या रेषा कुठून कुठे जातात ते पाहा. त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कडेला समांतर धावल्या पाहिजेत. मध्येच तिरक्या होऊन बाहेर पडत असतील तर पाते नेमके तिथे मोडेल, आणि मोडताना अणकुचीदार फाळका सुटेल. रुंद बाजूवरही तीच परीक्षा. पात्याच्या जागेत गाठ नको. मुठीत छोटी गाठ चालते.

मापे सुतांत सांगतो, कारण वखारीत आणि सुताराकडे तीच भाषा चालते. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे एक सूत साधारण ३ मिलिमीटर. आपल्याला रंधून झालेली ४० इंच लांब, सव्वादोन इंच रुंद, चार सूत जाड पट्टी हवी. तलवार ३४ इंचांची होणार: २८ इंच पाते, सहा इंच मूठ. उरलेले तीन-तीन इंच दोन्ही टोकांना मुद्दाम सोडायचे. तिथेच पट्टी शिकंज्यात किंवा जी-क्लॅम्पमध्ये पकडायची, म्हणजे घडवलेल्या भागावर क्लॅम्पचे वळ उठत नाहीत. हे जादा तुकडे अगदी शेवटी कापायचे.

पट्टी आणल्या आणल्या करवत लावू नका. ज्या खोलीत काम करणार तिथे पंधरा दिवस हवेशीर ठेवा. नाशिकच्या एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत लाकूड टोकांकडून चिरते, म्हणून दोन्ही टोकांना फेविकॉलचा हात द्या. श्रावणात उलटी तऱ्हा: लाकूड ओल धरते, रंध्याखाली केसाळ होते आणि पॉलिशपेपर भरून जातो. हिवाळा या कामाला सगळ्यात चांगला, आणि राज्य नाट्य स्पर्धेचा हंगामही साधारण तोच.

आखणी

आधी पुठ्ठ्यावर किंवा हार्डबोर्डवर अर्ध्याच तलवारीचा पूर्ण आकाराचा साचा कापा. मध्यरेघेवर ठेवून एकदा इकडून, एकदा उलटा करून तिकडून आखला की दोन्ही बाजू आपोआप सारख्या येतात.

आकार मराठी धोपेचा घेऊ: सरळ, लांब पाते. मुठीपाशी रुंदी दीड इंच, टोकाच्या तीन इंच अलीकडे एक इंच, मग गोलाकार टोक. इतिहासाशी काटेकोर राहायचे तर धोपेच्या पात्याला बहुधा मधोमध उंच कणा नसतो, लांब नाळी (पन्हळीसारख्या उथळ खाचा) असतात, आणि धार मुख्यतः एकाच बाजूला. लाकडात नाळ काढता येते (गोल पटाशीने, नंतर गोल काठीला पॉलिशपेपर गुंडाळून), पण रंगमंचाच्या दिव्याखाली ती कण्याइतकी उठत नाही. मी कणाच काढतो. ज्यांना संग्रहालयातल्यासारखी प्रतिकृती करायची आहे त्यांनी नाळ काढावी. त्यांच्यासाठी फळीही एक सूत जाड घ्यावी.

दोन्ही रुंद बाजूंवर मध्यरेघ ओढा. सुताराची रंगवलेली दोरी ताणून फटकारली तर उत्तमच, नाहीतर लांब पट्टी. मग दोन्ही अरुंद कडांवर दोन-दोन रेघा ओढा, त्यांच्यात दीड सूत अंतर. ही तुमची ‘धार’. म्हणजे चार सूत जाडीच्या कडेवर मधले दीड सूत राखायचे, वरचे-खालचे सव्वा-सव्वा सूत जाणार. रेघ मारण्याचे साधन नसेल तर पेन्सिल चिमटीत धरा, मधले बोट फळीच्या कडेला टेकवा आणि हात सरकवत न्या. थोड्या सरावाने रेघ बिनचूक येते. पेन्सिल टोकदार हवी, बॉलपेन नको. त्याची शाई लाकडात मुरते आणि पॉलिशखालून डोकावते.

कापणी

करवत रेघेच्या बाहेरून चालवा, एक सूत राखून. मुठीपाशी जिथे रुंदी अचानक बदलते तिथे आधी आडवे काप घ्या, मग पटाशीने मधले तुकडे उडवा. पटाशी नेहमी लाकडाच्या रेषेच्या कलाने धरा. समोरून रेषा चढत येत असेल तर पटाशी खोल घुसते आणि हवा त्यापेक्षा मोठा ढलपा उडतो.

यानंतर कडा रंध्याने आखलेल्या रेघेपर्यंत आणा. पात्याची रुंदी टोकाकडे कमी होते, म्हणून रंधा मुठीकडून टोकाकडे चालवा, रुंदाकडून अरुंदाकडे. उलट चालवलात तर लाकूड उचकटेल आणि खवले निघतील. कडा खाली आल्या की धारेच्या रेघा रंध्याबरोबर गेलेल्या असतील. त्या पुन्हा ओढा.

रंध्याच्या पात्याला धार लावायचा कंटाळा करू नका. कार्बोरंडमच्या दगडावर घासा, मग कातड्याच्या पट्ट्यावर ओढा. वर्तमानपत्राचा कागद उभा धरून तो न फाटता कापला गेला पाहिजे. बोथट रंध्याने केलेले काम नंतर तिप्पट कागद खाते.

पाते घडवणे

आधी जाडी. मुठीपाशी चार सूत, टोकापाशी अडीच. दोन्ही रुंद बाजूंवरून रंध्याचे हात मारत ही उतरण काढा. मध्यरेघ पुसली जाईल. ताबडतोब परत ओढा. या कामात सगळ्यात जास्त वेळा हातात येणारे हत्यार पेन्सिल आहे.

आता चार पैलू. पट्टीचा एक रुंद चेहरा वर करा. मध्यरेघेपासून धारेच्या रेघेपर्यंतचा अर्धा भाग पेन्सिलीने आडव्या रेघोट्यांनी पूर्ण भरून टाका. रंधा किंचित तिरका धरून आधी कडेजवळचे लाकूड काढा, मग हळूहळू मधल्या रेघेकडे सरका. रेघोट्या कुठे शिल्लक आहेत त्यावरून खळगा कुठे आहे ते दिसते. रंध्याची साल अखंड, लांब आणि पातळ निघत असेल तर समजा जमते आहे. भुसा निघतोय? मग एक तर धार गेली, नाहीतर दिशा चुकली. सागवानात एकाच पात्यात रेषा दोनदा दिशा बदलू शकते. तिथे हट्ट नको, तेवढ्या भागापुरता रंधा उलट बाजूने चालवा किंवा कानशीने काम भागवा.

एक पैलू संपवून दुसऱ्याकडे जाऊ नका. पाच हात इकडे, पाच हात तिकडे, मग फळी उलटून पाच-पाच. सगळे लाकूड एकाच बाजूने काढले तर पाते त्या बाजूला कमान धरते. अधूनमधून पाते डोळ्यासमोर धरून मुठीकडून टोकाकडे एक डोळा मिटून बघा. वाक आणि पीळ असा पाहिला की लगेच कळतो.

दोन पैलू झाले की पट्टी पलंगावर किंवा टेबलावर सपाट बसत नाही, डुगडुगते. जाड फळीच्या एका तुकड्यात लांबीभर इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच पाडा आणि पाते त्यात ठेवा. घरच्या ओट्यावर काम करत असाल तर खाली जुने गोणपाट हवेच. ओट्यावर ओरखडे पडले तर घरातली लढाई तुमच्या नाटकातल्यापेक्षा जास्त रंगेल.

टोक शेवटी. करवतीने जादा लाकूड कापा, मग पटाशीचे छोटे छोटे काप घेत गोलाई द्या. नाटकातल्या तलवारीचे टोक कितीही मोह झाला तरी टोचेल असे ठेवायचे नाही. एक रुपयाच्या नाण्याची गोलाई बरोबर. लांबून ते टोकदारच दिसते, कारण चारही पैलू तिथे एकत्र येतात. लहान मुलांसाठी करत असाल तर एकूण लांबी २२ इंचांवर आणा आणि धार दोन सुतांची ठेवून पूर्ण गोल करा.

कानस आणि खरवड

रंधा जिथे पोहोचत नाही तिथे, म्हणजे मुठीजवळ आणि टोकाजवळ, अर्धगोल कानस. आधी खरबरीत लाकडी कानस, मग बारीक. कानस पुढे ढकलताना दाबा, मागे घेताना उचला. तिच्या दातांत भुसा अडकला की तारेच्या ब्रशने साफ करा.

नंतर खरवड. या पायरीला लोक गाळतात, आणि माझ्या मते हीच सगळ्यात आनंदाची. हॅक्सॉचे जुने रुंद पाते किंवा पोलादी पट्टीचा तुकडा घ्या, कड कानशीने सरळ करा, मग स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने ती कड जोर देऊन दोन-तीनदा दाबून घासा. कडेला डोळ्याला न दिसणारा बारीक काटा वळतो. पत्रा दोन्ही हातांनी किंचित पुढे कलवून पैलूवरून ओढा. कागदासारख्या पातळ साली निघतात, रंध्याचे वळ जातात, आणि कणा जसाच्या तसा धारदार राहतो. जुने सुतार हेच काम फुटक्या काचेने करत. काच वापरायची तर हातात जाड मोजे घाला.

इथे खोलीतले दिवे बंद करून एकच टॉर्च पात्याला जवळजवळ टेकवून आडवी धरा. प्रत्येक खड्डा सावली टाकेल. त्यावर पेन्सिलीने खूण करा आणि खरवडूनच काढा. डोळे मिटून अंगठा फिरवला तरी चालते. बोटांना जे कळते ते डोळ्यांना कळायला उशीर लागतो. हे समाधान झाल्याशिवाय पॉलिशपेपर दुकानातून आणूच नका.

मूठ

चार सुतांच्या पट्टीची मूठ हातात कापते. म्हणून दोन्ही बाजूंना दोन-दोन सुतांचे सागवानी गाल फेविकॉलने चिकटवा, क्लॅम्प लावून रात्रभर सोडा, आणि पूर्ण जोर चोवीस तासांनंतरच द्या. पाते आणि मुठीचा गाभा एकाच अखंड लाकडाचा राहतो, हा या पद्धतीचा फायदा. वेगळी मूठ बसवलेली तलवार तिसऱ्या-चौथ्या प्रयोगाला तिथेच निखळते.

जाडी आता आठ सूत झाली, रुंदी दहा ठेवा. गोलाई थेट काढायला जाऊ नका. आधी चारही कोपरे सारखे छाटून आठ पैलू करा, मग त्यांचे सोळा, मग कानशीने ते मोडून लंबगोल. मूठ गोल नको, लंबगोलच हवी: नटाला न बघता कळले पाहिजे की धार कुठे वळली आहे. ज्याच्या हातात जाणार त्याला बोलावून पकडायला द्या. मूठ धरल्यावर बोटांची टोके तळव्याला जेमतेम टेकावीत.

मुठीच्या टोकाला मराठी तलवारीत गोल वाटी असते. जाड करवंटीचा गोल तुकडा तिथे झकास बसतो, बाक आयताच मिळतो. मुठीपासून वाटीपर्यंत बोटांवरून जाणारी परज लाकडात करू नका, आडव्या रेषेवर मोडेल. पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याची पट्टी उकळत्या पाण्यात मऊ करा, चिमट्याने काढून मुठीवर वाकवा, गार होईपर्यंत धरून ठेवा. पीव्हीसी गॅसच्या ज्योतीवर धरू नका, त्याचा धूर विषारी असतो. दोन्ही टोकांना छोटे स्क्रू, त्यांची डोकी आत बुडवलेली.

सगळे जमून तलवार पाव किलोच्या आसपास भरते. खरी तलवार किलोभर तरी असते, त्यामुळे हलकी तलवार नट पंख्यासारखी गरगर फिरवतात आणि सोंग उघडे पडते. मुठीच्या मागच्या टोकात भोक पाडून बोल्टचे दोन-तीन लोखंडी नट बसवा, वरून लाकडाची मेख मारा. हात थोडा तरी जड पडतो. उरलेले वजन अभिनयात आणायचे.

पॉलिशपेपर

आता कागद. ८०, १२०, १८०, २२०, याच क्रमाने, खरबरीतपासून बारीककडे. ८० नंबर फक्त मुठीवर, जिथे कानशीचे ओरखडे खोल आहेत. पाते खरवडलेले असेल तर सरळ १२० पासून सुरू करा.

कागद हातात मुडपून पात्यावर कधीही घासायचा नाही. बोटे मऊ असतात, ती कण्यावरून घसरतात आणि रेघ गोल होते. काडेपेटीहून थोडा मोठा, सपाट लाकडी ठोकळा घ्या, त्याला जुन्या रबरी चपलेचा पातळ तळवा चिकटवा आणि त्यावर कागद ताणा. एका वेळी एकच पैलू. शेजारच्या पैलूवर, कण्याच्या रेघेला बरोबर लागून, मास्किंग टेप लावा. घासायचे ते लाकडाच्या रेषेच्या दिशेने, लांब हातांनी. आडवे ओरखडे रंग लावल्यावर उठून दिसतात. प्रत्येक नंबराआधी पेन्सिलीच्या फिकट रेघोट्या मारा, त्या सगळ्या गेल्या की तो नंबर संपला. नंबर गाळू नका. १२० चे ओरखडे २२० ने काढायला बसलात तर संध्याकाळ होईल आणि ते तिथेच असतील.

धारेवर मात्र कागद ठोकळ्याशिवाय चालेल, तिथे गोलाईच हवी आहे.

१८० झाल्यावर पात्यावरून ओले, घट्ट पिळलेले फडके फिरवा आणि वाळू द्या. दबलेले तंतू उठून लाकूड खरखरीत होईल. घाबरू नका, ते मुद्दामच करायचे. वाळल्यावर २२० ने अगदी हलके हात. आता पाण्याचा रंग लावला तरी ते पुन्हा फारसे उठणार नाहीत. बारीक भेगा आणि खळगे आपल्याच लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरायचे.

घासण्याचे यंत्र मित्राकडे असेल तर ते मित्राकडेच राहू द्या. अर्ध्या मिनिटात कणा नाहीसा होतो. आणि मास्क लावा, एन-९५ असेल तर तोच. सागवानाची धूळ नाकाला आणि काहींच्या कातडीला झोंबते. काम गॅलरीत करा, खाली कोणाचे कपडे वाळत नाहीत ना ते बघून.

शेवटी कापसाचा बोळा सगळ्या तलवारीवरून फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे लाकडाचे कुसळ आहे.

रंग

चकचकीत चंदेरी रंग टाळा, त्याने इतकी मेहनत खेळण्याच्या दुकानात जाऊन बसते. पात्याला राखाडी प्रायमरचे दोन पातळ हात, मध्ये २२० किंवा ३२० चा स्पर्श. वाळल्यावर मऊ शिसपेन्सिलीचे शिसे किसून ती पूड फडक्याने चोळा. त्यावर कण्याच्या रेघेवर आणि धारेवर चंदेरी रंग बोटाने जेमतेम टेकवा. मुठीजवळच्या कोपऱ्यांत पातळ काळा रंग लावून लगेच पुसा. वरून मॅट वॉर्निश, नाहीतर शिशाची पूड नटाच्या अंगरख्यावर उतरते.

मुठीला रंग नको, सागवान सुंदरच असते. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिश, किंवा जवसाच्या तेलाचे दोन हात. तेलाने भिजलेले फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते वाळताना स्वतःच तापते आणि पेटू शकते. दोरीवर पसरून वाळवा, मग टाका.

तालमीआधी

एका हाताने मूठ, दुसऱ्याने टोक धरून पाते हलके वाकवा, मग जमिनीवर अंथरलेल्या सतरंजीवर सपाट आपटा. टणक, एकच आवाज आला पाहिजे. चिरकलेला किंवा दुहेरी आवाज म्हणजे आत चीर आहे. वार आणि अडवणूक पात्याच्या चेहऱ्यांनी बसवा, धारेवर धार मारली की खाचा पडतात. भोसकण्याची हालचाल समोरच्याच्या अंगाबाहेरूनच. दोन्ही लाकडी तलवारी शक्यतो एकाच लाकडाच्या असाव्यात. बाभळीची तलवार शिवणीला दोन तालमींत खाऊन टाकते.

प्रत्येक प्रयोगाआधी टॉर्च आणि कापूस, दोन्ही परत फिरवायचे. धारेला खाच पडली तर ती ठोकळ्यावरच्या १२० ने लांबवर पसरवून घ्या, तेवढ्याच जागी खोदू नका. मुठीजवळ केसाएवढी चीर दिसली तर फेविकॉल भरून वेळ मारून नेऊ नका, पाते बाद करा. वाटी आणि परज काढून पुढच्या तलवारीला लावता येतात.

ठेवताना भिंतीला टेकवून उभी नको, महिन्याभरात कमान धरते. सपाट ठेवा किंवा मुठीला दोरी बांधून सरळ टांगा. पावसाळ्यात जुन्या सुती धोतरात गुंडाळा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते. आणि तालमीला नेताना पिशवीत घालून न्या. शालिमारच्या सिग्नलला स्कूटरवर उघडी तलवार दिसली तर ती लाकडाची आहे हे पोलिसाला समजावण्यात तुमचा पहिला अंक जाईल.